वासरकुरणात घर झालं

१

आमच्यात एखादं काम कोणी केलं, हे विचारायचं नाही. भिंत उभी राहिली तर ‘भिंत झाली’ म्हणायचं. भांडी झाली, भोपळ्याचं सूप झालं, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झाली. ओढ्यावर नागडं फिरायला आमच्याकडे कोणाची हरकत नव्हती. ‘मी केलं’ म्हणायला होती. तसं म्हणणाऱ्याकडे सगळे इतक्या दयेनं बघायचे, की पुढच्या वेळी तो आपोआप ‘झालं’ म्हणायचा.

यामागे तत्त्व होतं. आमच्या म्हाताऱ्यांच्या प्रत्येक गोष्टीमागे तत्त्व असतं. तरुणपणी ही मंडळी सिडनीहून, मेलबर्नहून इथे आली, बंद पडलेली एक डेअरी सगळ्यांनी मिळून विकत घेतली आणि या दरीत मातीची घरं उभी केली. कॅम्फर क्रीक नाव ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की ‘मी केलं’ म्हटलं की ‘माझं’ आलं, ‘माझं’ आलं की कुंपण आलं, आणि कुंपण आलं की वकील. मुलांचंही तेच. मी ब्रायनी, कोलीनच्या पोटची, पण तिला आई म्हणायचं नाही, कारण मुलं सगळ्यांची. एका हिवाळ्यात ब्रायनी झाली, एवढंच.

खाली ओढ्याच्या वळणावर सपाट जमिनीचा एक तुकडा आहे. डेअरीच्या काळात दूध तोडलेली वासरं तिथे ठेवायचे, आयांपासून लांब. त्याला वासरकुरण म्हणतात. सुरुवातीला एकदा शेजारच्या शेतकऱ्यानं आपली वासरं तिथे आणून ठेवली, तेव्हा वरच्या कुंपणाशी गायी रात्ररात्र हंबरत उभ्या राहिल्या आणि आमचे आदर्शवादी कानात कापूस घालून झोपले. त्यानंतर त्या जागेकडे कोणी फारसं वळलं नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना वासरकुरणात पहिलं घर झालं. कोणी बांधलं म्हणून मी विचारलं. कोलीन म्हणाली, झालं. मी म्हटलं, हो, पण कोणी. तेव्हा मर्व्हनं, जो आमच्यातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत बोलका, मला शेजारी बसवून समजावलं. “पोरी, तू विचारलंस की कोणीतरी उत्तर देणार. उत्तर दिलं की घर त्याचं होणार. मग आपण इथे आलोच कशाला?”

सातव्या वर्षी मला ते फार थोर वाटलं होतं. आता मी तेवीस वर्षांची आहे आणि मला त्याची दाढी उपटावीशी वाटते. त्याच सुमारास मर्व्हची मुलगी विलो घर सोडून सिडनीला गेली होती. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघण्याचं माझं वय नव्हतं. त्यांचं होतं.

२

मी ब्रिस्बेनला नगररचना शिकले. आधी सुट्टीत यायचे, मग कमी, शेवटचं दीड वर्ष आलेच नाही. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यात, पदवी घेऊन परत आले तेव्हा टपालगाडीनं मला वरच्या फाटकाशी सोडलं. वळणावरून खाली बघितलं आणि पिशवी जमिनीवर ठेवली.

वासरकुरणात वस्ती झाली होती. ओढ्याच्या कडेनं वळत गेलेली घरांची एक रांग, प्रत्येकाच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर. मी गेले तेव्हा तिथे थोडीशीच घरं होती. लहानपणापासून अधूनमधून एखादं वाढत आलं होतं आणि आम्ही मुलं ते पावसासारखं धरून चालायचो. पण आता माझ्याजवळ शिकलेले डोळे होते. वस्ती वाढते तेव्हा तिचा गवगवा होतो. वाळूचे ढीग पडतात, चाकांनी चिखल होतो, पायवाटेवरून भांडणं होतात. इथे गवत जसंच्या तसं होतं. दारापर्यंत हिरवंगार.

कोलीननं दार उघडलं. “तू?” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून मागे, ओढ्याकडे बघितलं. “खालून आलीस?”

“खालून कशाला येऊ? ब्रिस्बेनहून आले.”

“अच्छा. ब्रिस्बेनहून,” ती म्हणाली. न मागवलेलं पार्सल दारात आलं की लोक असं बोलतात.

माझ्या खोलीत भोपळे होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत, देठ वर करून, नीट रचलेले. गादी कुठे गेली विचारलं तर म्हणाली, खाली नेली. भोपळे सरकवून तिनं मला चटईपुरती जागा केली आणि पाहुण्यांचा टॉवेल दिला. चहात दूध किती घेतेस, असंही विचारलं.

जेवताना मी जाराचं विचारलं. जारा म्हणजे आमच्यातल्याच ग्वेंडाचा मुलगा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मला पोहायला आणि शिव्या द्यायला त्यानंच शिकवलं. तो कधीचा मेलबर्नला आचारी होता. उन्हाळ्यात ग्वेंडाला भेटायला म्हणून इथे आला आणि त्यानंतर त्याचा फोन बंद. त्याची मैत्रीण समीरा मला रडून रडून विचारत होती. खरं तर मी आले होते त्यासाठीच.

“जारा खालीच आहे,” कोलीन म्हणाली. “वासरकुरणात. छान रमलाय.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले. जाराच्या घराच्या दाराला कडी बाहेरून होती. गोठ्याच्या फाटकाला असते तशी लोखंडी, सरकवायची. ती लावलेली होती, म्हणून मला वाटलं तो घरात नसेल. पण आतून आवाज आला, “उघड ना, उघडीच आहे.”

तो टेबलाशी गाजरं चिरत होता. मला बघून उठला, मिठी मारली, किटली ठेवली. केस वाढले होते, बाकी तोच. मी त्याला लगेच फैलावर घेतलं. समीराला एक फोन करता येत नाही का, ती पोलिसांत जायची बाकी आहे, असं बरंच काही बोलले. तो हसून ऐकत राहिला. पूर्वीचा जारा मला दुसऱ्या वाक्यालाच आडवा आला असता.

“समीरा कोण?” त्यानं विचारलं.

मला वाटलं त्यांचं फाटलं असेल आणि तो खोडसाळपणा करतोय. मी म्हटलं, बरं, समीरा राहू दे, हॉटेलचं काय? नोकरी सोडलीस का?

“कुठलं हॉटेल?”

“जारा, मेलबर्नचं.”

“मेलबर्न,” तो म्हणाला आणि गाजराचा तुकडा माझ्यापुढे धरला. “हो. एखाद्या वर्षी जाऊन बघावं म्हणतोय. विलो सांगत होती, गर्दी फार असते.”

मी त्याच्या मेलबर्नच्या खोलीत सोफ्यावर झोपलेली आहे. त्या सोफ्याची एक स्प्रिंग मला अजून आठवते. एकदा उकळतं तेल सांडून त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता, तेव्हा दवाखान्यात त्याच्याजवळ मी बसले होते. तो डाग कधीच जाणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते.

त्यानं बाह्या वर केलेल्या होत्या. हात स्वच्छ होता.

मी निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला, उंबऱ्याशी थांबला. “जाताना बाहेरून लाव,” तो म्हणाला. “नाहीतर वाऱ्यानं आपटतं.”

वारा नव्हता. मी कडी लावली. का लावली, मला सांगता येणार नाही.

४

मी बुद्धीला कामाला लावलं. मेंदूला मार लागून माणसं अर्धं आयुष्य विसरतात. औषधांनीही विसरतात. कुरणात पावसानंतर ज्या छत्र्या उगवतात त्या खाल्ल्या तर स्वतःचं नावही विसरतात, हे तर आमच्याकडे सगळ्यांनी अनुभवलेलं. डाग गेला असेल, त्वचेचे उपचार निघालेत नवे. त्याला शहरात डॉक्टरकडे न्यायचं, एवढं मी ठरवलं. ग्वेंडाला तसं सांगितलं तर ती म्हणाली, “तो इतका बरा कधीच नव्हता गं.”

घरांचं मात्र बुद्धीला झेपेना. आमची प्रत्येक वीट हातानं साच्यात दाबलेली असते, त्यामुळे तिच्यावर कोणाचा ना कोणाचा हात उमटलेला असतो. मुलांचे हात तर मुद्दाम उमटवतात. गोठ्यात, म्हणजे जुन्या दूध काढायच्या शेडमध्ये, जिथे आता आमच्या सभा होतात, दाराशेजारी माझा पाच बोटांचा पंजा आहे. मी वासरकुरणातल्या घरांच्या भिंतींवरून हात फिरवत गेले. एकाही विटेवर काही नव्हतं. भिंत गालाच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत, आणि थंडी असूनही गार नव्हती.

मग मी नियम मोडला. ग्वेंडाला विचारलं, ही घरं कोणी बांधली? ती म्हणाली, श्रमदानात झाली, मर्व्हची मंडळी होती. मर्व्हच्या मंडळींना विचारलं तर ते म्हणाले, ती ग्वेंडाची मंडळी, आम्ही तेव्हा टाकीवर होतो. टाकीवर आणखी ज्यांची नावं निघाली ते म्हणाले, आम्ही वरच्या रस्त्यावर होतो. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या कामाबद्दल मनापासून कृतज्ञ होता. आयुष्यभर ‘मी केलं’ न म्हणणाऱ्या माणसांचं असं होतं. जे कोणीच केलेलं नाही, ते त्यांच्या लक्षातच येत नाही.

मर्व्ह बटाटे काढत होता. मी त्याच्या वाफ्याशी जाऊन उभी राहिले.

“मर्व्ह, खालचं ते शेवटचं घर कोणी बांधलं?”

“झालं ते.”

“कोणी?”

“विद्यापीठात हजेरी घ्यायला शिकवतात वाटतं?”

“विद्यापीठात असंही शिकवतात, की घर आपोआप होत नाही.”

“मग तुझी फी वाया गेली,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. पण त्याचं फावडं मातीत तसंच रुतून राहिलं होतं. ते त्यानं वर काढलं नाही. “ब्रायनी,” तो म्हणाला, “तुम्ही सगळे जाता. एकेक करून, डोकं वर करून, आम्हाला नावं ठेवत जाता. आम्ही इथेच असतो. तेव्हा कोणी विचारायला येत नाही, तुमचं कसं चाललंय.”

त्याच्या मागे मला ती रांग दिसत होती. विलो गेली आणि एक घर झालं. स्टेफनची दोन मुलं गेली. मग जारा. मी एकेक घर आणि एकेक गेलेलं माणूस जोडत शेवटपर्यंत आले. शेवटचं घर उरलं. गेलेल्यांत आता माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

५

कोलीन रोज दुपार कलली की डाळभाताचं भांडं फडक्यात बांधून बाहेर पडायची. मला फ्रीजमधलं काहीतरी गरम करून घे म्हणायची. त्या दिवशी मी तिच्या मागे गेले, घाणेरीच्या झुडपांआडून, अंतर ठेवून. ती घाईत होती. इतक्या हलक्या पावलानं चालताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शेवटच्या घराची कडी तिनं सरकवली आणि आत गेली. मी वळसा घालून मागच्या खिडकीशी आले.

आत चूल पेटलेली होती. कोलीन खुर्चीत बसली होती आणि तिच्या पायाशी, जमिनीवर, खिडकीकडे पाठ करून कोणीतरी बसलं होतं. डोकं तिच्या मांडीवर. कोलीन त्या केसांतून फणी फिरवत होती. केस माझ्या केसांच्या रंगाचे. अंगात हिरवा स्वेटर, त्याच्या कोपराला तपकिरी लोकरीचं रफू. ते रफू कोलीननंच केलं होतं, मी शाळेत असताना, माझ्या स्वेटरला.

पायाशी बसलेली ती गुणगुणत होती. मी खूश असले की नकळत एकच सूर धरते, थोडा खाली घसरलेला. मला ते माहीतही नव्हतं, ब्रिस्बेनला माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं. तो सूर काचेतून येत होता. कोलीन काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. ते हसू मी घशात ओळखलं, कानात नाही.

आदिमानवाच्या काळापासून माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. म्हणून मी स्वतःला समजावू शकले, की ही कोणी अनाथ मुलगी असेल, कोलीननं तिला माझे कपडे दिले असतील. एवढ्यात कोलीननं मान वर केली आणि मला बघितलं.

ती दचकली नाही. शरमलीही नाही. जेवताना कोणी दार वाजवलं की होतो तसा तिचा चेहरा झाला. एक हात त्या डोक्यावर तसाच ठेवून तिनं दुसरा हात लांब केला आणि पडदा ओढून घेतला.

गुणगुणणं थांबलं नाही.

६

ती वर आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. तिनं रिकामं भांडं सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडला.

“ती कोण आहे?”

“ब्रायनी,” ती म्हणाली.

“मग मी कोण?”

“तूही.” तिच्या आवाजात थकवा होता, एकसारख्या दोन भोपळ्यांतला फरक मी तिला विचारत असल्यासारखा.

“कुठून आली ती, कोलीन? कोणी आणली?”

“कोणी आणली नाही. झाली.”

त्या शब्दाचा मला आयुष्यभर राग आला होता. भीती पहिल्यांदाच वाटली.

तिनं नळ बंद केला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलली. मी गेले त्या दिवशी ती फाटकाशी उभी होती आणि मी मागे वळून बघितलं नाही. फोन केला की मला परीक्षा असायची, काम असायचं, नंतर करते म्हणायचे आणि करायचे नाही. हे सगळं खरं होतं. मी नाकारलं नाही. मग एक दिवस तिला खाली नवा धूर दिसला. ती गेली, दार उघडलं.

“तू चुलीपाशी बसली होतीस. म्हणालीस, भूक लागलीय. तुझ्या तोंडून भूक लागलीय असं मी किती वर्षांनी ऐकलं, माहितीय?”

“मी नव्हते ती. तुला एकदाही वाटलं नाही, की ही मी नाही?”

“वाटलं ना. पहिल्या दिवशी वाटलं.” तिनं हात पुसले. “मग वाटेनासं झालं.”

मला ओरडायचं होतं. मी ओरडले नाही, कारण ओरडले असते तर तिनं मनातल्या मनात आम्हा दोघींची तुलना केली असती. मी फक्त विचारलं, आता पुढे काय. ती म्हणाली, उद्या संध्याकाळी गोठ्यात सभा आहे, तुझ्या इथे राहण्याचं ठरवायचंय.

हे ऐकून मला खरं तर धीर आला. आमच्याकडे मतदान नसतं. गोलात बसलेल्या प्रत्येकाचा होकार लागतो, एकाचा नकार पुरतो. एकट्या बाईच्या नकारानं आमच्याकडे वीज यायला सात वर्षं उशीर झाला होता. तो नियम मला नेहमी वेडगळ वाटायचा. आता तोच माझ्या बाजूनं होता. मी संध्याकाळी जाणार होते, नाही म्हणणार होते, आणि जाराला घेऊन निघणार होते. कोलीनलाही घेऊन जाईन, असं मी ठरवत होते. ती माझी आई होती. तिला या सगळ्यातून बाहेर काढायला हवं होतं.

तिनं त्या दिवशी मला पांघरूण काढून दिलं, जाड, चांगलं. “निवांत झोप,” ती म्हणाली. “सकाळी लवकर उठू नकोस.”

७

भोपळ्यांच्या वासानं मला लवकर जाग आली. कोलीन घरात नव्हती. उजाडत होतं. मी मागच्या दारानं निघाले आणि दवातून सरळ वासरकुरणात गेले. त्या दुसरीला तोंडावर विचारायचं होतं, काय विचारायचं ते ठरलं नव्हतं.

शेवटच्या घराची कडी काढलेली होती, दार सताड उघडं. आत कोणी नव्हतं, ती ओढ्यावर गेली असावी. माझी गादी होती. चुलीत निखारे होते. टेबलावर तीन कप मांडून ठेवलेले होते, कोरडे, कशाची तरी तयारी केल्यासारखे. मी गुडघ्यापर्यंत भिजले होते, दात वाजत होते. हिरवा स्वेटर खिळ्याला टांगलेला होता. तो माझाच होता, म्हणून घातला. त्याला माझा वास येत होता, माझ्या अंगाला येतो त्याहून जास्त.

ओढ्याच्या वाटेनं वर येताना गोठ्याच्या धुराड्यातून धूर दिसला. आतून बोलणं ऐकू येत होतं. सभा आता चालू होती, संध्याकाळी नव्हतीच. मी तिथे असू नये म्हणून माझ्या आईनं मला झोपवून ठेवलं होतं. मी दार ढकललं. भांडायला मी पूर्ण तयार होते.

सगळे गोलात बसले होते. माझ्याकडे वळले आणि त्यांचे चेहरे उजळले.

कोलीन उठली. खुर्ची मागे पडली तरी तिकडे न बघता माझ्याकडे आली आणि तिनं मला छातीशी धरलं. “आलीस राणी?” ती माझ्या केसांत म्हणाली. “एकटीच वर आलीस? किती गारठलीयेस.” ग्वेंडानं सरकून जागा केली. मर्व्हनं माझ्या हातात गरम कप दिला आणि म्हणाला, “बघा, भाषण न ठोकता बसली पण.” सगळे हसले, प्रेमानं हसले.

मी पार विरघळले. मला वाटलं रात्रीतून यांना शुद्ध आली. कोलीनला लाज वाटली असेल, तिनं सगळ्यांना सांगितलं असेल. तिनं माझा हात स्वतःच्या हातात घेतला होता आणि अंगठ्यानं माझी बोटं चोळत होती. लहानपणी ताप आला की ती असं करायची. मी एक शब्द बोलले नाही. बोलले तर हे मोडेल असं वाटलं.

“चला, उरकू या,” मर्व्ह म्हणाला. “कोलीन, ती कुठाय?”

“झोपलीय. वर, भोपळ्यांच्या खोलीत. उठायच्या आत व्हायला हवं, उठली की वाद घालेल.”

मी कप हलू दिला नाही. चहाकडे बघत राहिले.

ग्वेंडानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “तू घाबरू नकोस हां,” ती मला म्हणाली. “तुला काही करायचं नसतं. तू नुसतं समोर बसायचं. जाराच्या वेळी मी होते तिथे. दोघांना चहा दिला, बाहेर आले, कडी लावली. चहा संपेपर्यंत आत एकच होता. आवाजसुद्धा फार झाला नाही.”

मग मर्व्हनं रीतीप्रमाणे एकेकाकडे बघितलं आणि एकेकानं हो म्हटलं. स्टेफननं हो म्हटलं. ग्वेंडानं म्हटलं. कोणी आवाज चढवला नाही, कोणी नजर चोरली नाही. कोलीनची पाळी आली तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत राहिली, जो तिच्या मांडीवर होता, आणि मी मनातल्या मनात तिला म्हटलं, आई, नाही म्हण. एकदा म्हण. मी परत कधी तुला नावं ठेवणार नाही.

तिनं माझा हात घट्ट दाबला. “हो,” ती म्हणाली.

“आणि तुझं तर मागच्याच सभेत झालंय,” मर्व्ह माझ्याकडे वळून म्हणाला, “पण पुन्हा विचारायला हवं. काय ब्रायनी?”

सगळे माझ्याकडे बघून हसत होते. माझ्यावर इतक्या माणसांनी एकाच वेळी इतकं प्रेम कधीच केलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

मर्व्ह अजून हसतच होता. ऐकू न आल्यासारखा त्यानं कान पुढे केला.

“नाही. मी त्या घरात जाणार नाही. मला कोणी नेणार नाही. मी वर झोपलेली नाहीये, मर्व्ह. मी इथे बसलेय.”

हसू आधी त्याच्या चेहऱ्यावरून गेलं, मग ग्वेंडाच्या. तिनं माझ्या गुडघ्यावरचा हात उचलला, भाजल्यासारखा. कोलीन माझ्या तोंडाकडे बघायला लागली. कपाळ, डोळे, हनुवटी, पुन्हा डोळे. मग ती आपला हात सोडवून घ्यायला लागली. मी तो सोडला नाही.

एकाचा नकार पुरतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.